गिअरपेटीतले तेल : निसरडे हवे, पण किती?

पनवेलजवळचे रोडपाली तुम्ही पाहिले आहे काय? एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आता सिडकोच्या कळंबोली वसाहतीला अगदी चिकटून गेले आहे. जवळच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, थोड्या अंतरावर तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि शेजारून जाणारा महामार्ग. साहजिकच येथे दिवस उजाडतो तो मालाच्या गाड्यांच्या आवाजानेच.

समजा, अशाच एका पहाटे तुम्ही रोडपालीच्या रस्त्याकडेला उभे आहात. वीस-पंचवीस वर्षांची एक जुनी पिकअप गाडी माल भरून निघते. चालककाका पहिला गिअर टाकतात, गाडी हलते. दुसरा टाकू लागतात, तोच गाडीच्या पोटातून आवाज येतो, 'करर्र!' तिसऱ्या गिअरलाही तीच रड. शेजारचा कोणी सल्ला देतो, "काका, गिअर ऑईल बदला. चांगलं भारीतलं आणि घट्ट तेल टाका, आवाज पळून जाईल." काका दुकानात जातात आणि सर्वांत महाग, सर्वांत घट्ट तेल आणून ओततात. पण काही दिवसांनी पाहावे तो आवाज कमी होण्याऐवजी वाढलेलाच!

असे का व्हावे? चांगले तेल वाईट कसे ठरले? हा प्रश्न नुसता गंमतीचा नाही. ज्या घराचा संसार एका जुन्या पिकअपवर चालतो, त्या घराला गिअरपेटी खोलण्याचा खर्च म्हणजे मोठाच फटका असतो. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षण, श्यानता आणि रासायनिक अभिक्रिया या तीन धड्यांतच दडलेले आहे. चला तर, ते शोधून काढू या.

पेटीत आहे काय?

एंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, पण चाकांना नेहमी तेवढा वेग नको असतो. चढावर वेग कमी आणि जोर जास्त हवा. सपाटीवर जोर कमी आणि वेग जास्त हवा. ही अदलाबदल करण्याचे काम गिअरपेटीतील लहानमोठी दंतचक्रे करतात. १९८६ साली रस्त्यावर आलेली टाटा ४०७ घ्या, १९८८ ची टाटामोबाईल घ्या किंवा महिंद्राची एखादी जुनी पिकअप घ्या. हाताने गिअर टाकण्याच्या या सर्व गाड्यांच्या पेटीमागील कल्पना एकच आहे.

दोन दंतचक्रांचे दाते एकमेकांना टेकतात, तेव्हा ते पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाहीत. जेमतेम एका बारीक रेघेइतक्या जागेत टेकतात. भरलेल्या गाडीचा सारा जोर त्या रेघेवर येतो आणि तेथील दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट होतो. मधे तेल नसेल, तर पोलादावर पोलाद घासून क्षणात तापेल, चिकटेल आणि दात्यांचे तुकडे पडतील.

तेलाचा पडदा

तेल एवढा दाब सहन कसे करते? दाबले की ते बाजूला का सरकत नाही? या प्रश्नाचे उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये अगदी योगायोगाने मिळाले. बीचम टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगमध्ये तेल सोडण्यासाठी त्यांनी वरच्या बाजूने एक भोक पाडले. यंत्र सुरू करताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. टॉवर यांनी भोकात बूच मारले, तर ते बाहेर ढकलले गेले. लाकडाची खुंटी ठोकली, तर तीही तेलाने सरकवली. मग त्यांनी तेथे दाबमापक लावला. पाहतात तो काय, भारामुळे पडणाऱ्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब तेलात होता!

याचा अर्थ असा, की फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून नेतो आणि ते पाचरीसारखे अरुंद फटीत शिरते. त्यामुळे तेलात दाब निर्माण होऊन आस चक्क तेलावर तरंगतो. धातू धातूला लागतच नाही. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी या पाचरीचे गणित मांडले.

या पडद्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वेग आणि दुसरी म्हणजे तेलाची श्यानता, म्हणजेच वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. मध श्यान आहे, पाणी फार कमी श्यान आहे. वेग कमी, भार जास्त आणि तेल फार पातळ असेल, तर पडदा फाटतो. म्हणून "घट्ट तेल टाका" हा सल्ला वरवर पाहता बरोबर वाटतो. मग चूक कोठे झाली?

निसरडेपणाचे कोडे

चूक समजण्यासाठी गिअर टाकताना आत काय होते ते पाहिले पाहिजे. आपल्या पिकअपच्या पेटीत पुढे जाण्याच्या गिअरांची दंतचक्रे सदैव एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दंतचक्रे सरकत नाहीत. सरकते ती एक बाही. ती हव्या त्या दंतचक्राला आसाशी जोडते. पण जोडताना दोघांचा वेग सारखा नसेल, तर बाहीचे दात आणि दंतचक्राचे दात एकमेकांवर आपटतात. हाच तो 'करर्र' आवाज!

एक हिशेब करू. तिसऱ्या गिअरमध्ये एंजिनाचे दीड फेरे झाले की बाहेरच्या आसाचा एक फेरा होतो, आणि चौथ्यात एकास एक, असे समजा. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना तुम्ही तिसऱ्यातून चौथ्यात जाता. गाडीचा वेग तोच आहे, म्हणून बाहेरचा आस मिनिटाला २००० फेरेच घेत आहे. याचाच अर्थ असा, की क्लचची तबकडी आणि तिला जोडलेली दंतचक्रे ३००० वरून २००० फेऱ्यांवर आली पाहिजेत, आणि तीही दांडा सरकवण्याच्या क्षणभरात.

पूर्वी हे काम चालक स्वतःच्या पायाने करीत. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. जुने चालक यालाच 'डबल क्लच' म्हणतात. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश नावाची सोय आली आणि हे कष्ट वाचले. तिच्यात बाही व दंतचक्र यांच्यामध्ये एक कडे असते. जुन्या पेट्यांत ते बहुधा पितळेचे किंवा तत्सम तांब्याच्या मिश्रधातूचे असते. कारागीर त्याला 'सिंक्रो रिंग' किंवा नुसते 'ब्रास रिंग' म्हणतात. या कड्याची आतली बाजू शंकूच्या आकाराची असते. गिअर टाकताना ते दंतचक्राच्या शंकूवर दाबले जाते आणि ब्रेकसारखे काम करून दोघांचा वेग सारखा करते. मगच बाहीचे दात बिनआवाज अडकतात.

आता कोडे लक्षात आले ना? हे कडे घर्षणावर चालते! त्याच पेटीत दात्यांना घर्षण नको आहे आणि कड्याला मात्र घर्षण हवे आहे. तेल दोघांना एकच. म्हणून कड्याच्या आतल्या बाजूला बारीक खाचा पाडलेल्या असतात. शंकूवर दाबताच त्या तेलाचा पडदा कापून बाजूला सारतात आणि धातूला पकड मिळते.

तेल फार घट्ट असेल, तर खाचांना तो पडदा वेळेत कापता येत नाही. सकाळी तेल गार असताना तर मुळीच नाही. कडे घसरते, वेग जुळत नाही आणि दात आपटतात. काकांच्या आवाजाचे पहिले कारण हे. दुसरे कारण कळण्यासाठी तेलाचा डबा हातात घ्यावा लागेल.

डब्यावरचा पहिला आकडा

गिअरच्या तेलाच्या डब्यावर एस.ए.ई. ही अक्षरे आणि त्यापुढे ९०, १४०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० असा क्रमांक असतो. एस.ए.ई. ही मोटार अभियंत्यांची संस्था अमेरिकेत १९०५ साली स्थापन झाली. तिने ठरवलेला हा क्रमांक तेलाची श्यानता सांगतो, त्याचा दर्जा नव्हे. हे नीट लक्षात ठेवा. १४० हे ९० पेक्षा घट्ट आहे. 'अधिक चांगले' नाही.

श्यानता सेंटिस्टोक या एककात मोजतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. १०० अंश सेल्सिअसला तेलांची श्यानता अशी असावी लागते :

गिअर तेल ९० : १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक
गिअर तेल ११० : १८.५ ते २४ सेंटिस्टोक
गिअर तेल १४० : २४ ते ३२.५ सेंटिस्टोक
एंजिन तेल ४० : १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक
एंजिन तेल ५० : १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक

हे आकडे पाहून तुम्हांला आश्चर्य वाटेल. ९० क्रमांकाचे गिअर तेल हे ४० क्रमांकाच्या एंजिन तेलाच्या दुपटीहून घट्ट असेल असे वाटते ना? प्रत्यक्षात दोघे जवळजवळ सारखेच आहेत! कारण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. एका मोजपट्टीवरचा आकडा दुसरीवर लावायचा नसतो.

आता 'डब्ल्यू' म्हणजे काय? ते 'विंटर', म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांना आणि ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांनाही ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होऊन चालत नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या खाली जातो, तेथे या आकड्याचे मोल फार. रोडपालीला ऐन थंडीतही पारा शून्याच्या जवळपास फिरकत नाही. पण म्हणून तो आकडा आपल्याला निरुपयोगी आहे असे नाही. ९० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ४० अंशांना १०० अंशांच्या दहापट किंवा त्याहून जास्त असते. रोडपालीच्या पहाटेच्या गारव्यात ती आणखी वाढते. ८०डब्ल्यू-९० तेल थंड असताना फार आखडत नाही आणि घाटात तापल्यावरही ९० इतके घट्ट राहते.

घाट म्हटला की बोरघाट आठवतोच. रोडपालीहून पुण्याकडे निघालेल्या पिकअपला खोपोलीच्या पुढे खालच्या गिअरमध्ये बराच वेळ चढावे लागते. तेव्हा दात्यांवर भार सर्वाधिक आणि वेग कमी असतो, म्हणजे पडदा फाटण्याला पूर्ण अनुकूल परिस्थिती. परतताना चालक उतारावर गिअरमध्येच गाडी ठेवतो. त्या वेळी एंजिन चाकांना आवरते आणि भार दात्यांच्या उलट बाजूंवर येतो. म्हणजे जाता-येता दात्याच्या दोन्ही बाजू झिजणार. पडदा फाटलाच तर त्यांना वाचवणार कोण? येथे डब्यावरची दुसरी खूण उपयोगी पडते.

डब्यावरची दुसरी खूण

डब्यावर ए.पी.आय. या अक्षरांपुढे जी.एल.-४ किंवा जी.एल.-५ असे लिहिलेले असते. ए.पी.आय. म्हणजे १९१९ साली स्थापन झालेली अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाची संस्था. ही खूण तेलाची घट्टता सांगत नाही. तेलात मिसळलेली पूरक द्रव्ये किती जबर आहेत ते सांगते.

ही पूरक द्रव्ये मुख्यतः गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे असतात. पडदा फाटून दोन दात्यांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना घासले, की त्या टोकावर क्षणभर काहीशे अंश तापमान होते. या उष्णतेने संयुगे फुटतात आणि त्यांची लोखंडाशी अभिक्रिया होऊन पातळ थर तयार होतो. हा थर पोलादापेक्षा मऊ असतो. पुढच्या घासणीत तो थर निघून जातो, पण दाते एकमेकांना चिकटत नाहीत. अंगरखा फाटला तरी अंग वाचले, असाच हा प्रकार. जी.एल.-५ मध्ये ही द्रव्ये साधारणपणे जी.एल.-४ च्या दुप्पट असतात.

मग जी.एल.-५ च का घेऊ नये? कारण गंधकाला लोखंडाइतकेच तांबेही प्रिय आहे. घरातील चांदीचे पैंजण काळे पडलेले तुम्ही पाहिले असतील. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. तसाच तांब्यावर कॉपर सल्फाइडचा थर बसतो. पितळेत तांबे असते. तापलेल्या तेलातील क्रियाशील गंधक पितळी कड्यावर असा थर बसवते. कड्याचा पृष्ठभाग पोलादाहून मऊ असतो, त्यामुळे गिअर टाकण्याच्या प्रत्येक वेळी तो थर निघतो आणि पुन्हा बसतो. हळूहळू त्या बारीक खाचा बोथट होतात. शिवाय अधिक पूरक द्रव्यांमुळे कडे आणि शंकू यांच्यामधली पकडही कमी पडते. काकांच्या आवाजाचे दुसरे कारण हे.

नव्या प्रकारची काही जी.एल.-५ तेले पितळेला पूर्वीइतकी त्रास देत नाहीत. तरीसुद्धा ज्या पेटीसाठी उत्पादकाने जी.एल.-४ सांगितले आहे, तिच्यात तेच घालणे शहाणपणाचे.

मागची पेटी

जी.एल.-५ तेल वाईट, असे मात्र समजू नका. त्याची जागा वेगळी आहे. पिकअपच्या मागच्या आसाच्या मध्यभागी एक गोल फुगीर पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. कारागीर 'क्राऊन' म्हणतात. लांब दांड्यातून आलेली गती येथे काटकोनात वळून दोन्ही चाकांना मिळते. या पेटीतील लहान दंतचक्राचा आस मोठ्या चक्राच्या मध्यातून न जाता थोडा बाजूला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. या रचनेत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसटतही जातात. प्रचंड दाब आणि त्यात घसटणे! येथे जबर तेलाशिवाय निभाव लागत नाही. आणि येथे सिंक्रोचे पितळी कडेही नसते. म्हणून अशा मागच्या पेटीसाठी बहुधा जी.एल.-५ सांगितलेले असते.

एकाच गाडीत दोन पेट्या, आणि एकीचे अमृत ते दुसरीचे विष.

मग काकांनी कोणते तेल घ्यावे?

पहिला नियम : गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. तीत प्रत्येक पेटीसाठी क्रमांक आणि जी.एल. खूण, अशा दोन्ही गोष्टी दिलेल्या असतात. काही जुन्या पेट्यांना एंजिन तेलच सांगितलेले असते, म्हणून अंदाजाने काही ठरवू नये.
दुसरा नियम : क्रमांक आणि खूण ही दोन वेगळी उत्तरे आहेत. एक बरोबर म्हणून दुसरे बरोबर ठरत नाही.
तिसरा नियम : झिजलेले कडे घट्ट तेलाने बरे होत नाही. योग्य तेल घालूनही आवाज राहिला, तर दोष तेलात नाही. आधी क्लच पूर्ण सुटतो की नाही हे तपासावे आणि मगच पेटी खोलण्याचा विचार करावा.

पावसाचे पाणी पेटीत कसे शिरते?

कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कळंबोलीच्या सखल भागात पाणी साचते आणि मालाच्या गाड्या त्यातून वाट काढतात. अशा वेळी मागच्या पेटीवर एक संकट येते. ते वायूंच्या नियमातून समजते.

समजा, धावून आलेल्या गाडीच्या मागच्या पेटीतील हवा ७७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३५० केल्व्हिनला आहे. गाडी गुडघाभर पाण्यात शिरली आणि पेटी २७ अंशांपर्यंत, म्हणजे ३०० केल्व्हिनपर्यंत थंड झाली. दाब कायम ठेवायचा, तर हवेचे आकारमान सात भागांवरून सहा भागांवर येणार. पेटीत २१०० मिलिलिटर हवा असेल, तर ३०० मिलिलिटर जागा रिकामी होईल. ती भरण्यासाठी बाहेरून काहीतरी आत ओढले जाणारच. यासाठी पेटीवर श्वासनळीसारखे एक लहान भोक असते, त्याला ब्रीदर म्हणतात. ते मोकळे असून पाण्याच्या वर असेल, तर हवा आत जाते. चिखलाने बुजलेले असेल, तर आसाच्या रबरी सीलमधून पाणी खेचले जाते. पाण्यात बुडाले असेल, तर त्यातूनच पाणी जाते.

पाणी आणि तेल घुसळले, की त्याचे ताकासारखे पांढुरके मिश्रण होते. त्याने पडदा नीट बनत नाही आणि बेअरिंगे गंजतात. म्हणून खोल पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल, ठरलेल्या किलोमीटरांची वाट न पाहता, लगेच तपासले पाहिजे.

तेल बदलताना

हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही शेजारी राहून पाहा, मोजा आणि टिपून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. सपाट जमीन, खड्डा किंवा रॅम्प असला तर उत्तम.

१. गाडी थोडी चालवून आणावी. कोमट तेल पातळ असते. ते लवकर वाहते आणि तळाचा गाळही बरोबर घेऊन येते. मात्र कढत तेलाने हात भाजतो.
२. आधी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा प्लग सैल करून पाहावा. मगच खालचा प्लग उघडावा. खालून तेल सोडले आणि वरचा प्लग गंजून बसला असेल, तर रिकाम्या पेटीची गाडी जागेवरच अडकते!
३. खाली घमेले ठेवून तेल पूर्ण गळू द्यावे. घाई करू नये.
४. खालचा प्लग पुसून, नवा वायसर घालून बसवावा. पाना अवाजवी जोराने ओढू नये, आटे खराब होतात.
५. बहुतेक जुन्या पेट्यांत भरण्याचे भोक बाजूला असते. गाडी सपाटीवर असताना तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला येऊन ओघळू लागले, की पुरे.

जास्त घातले तर काय बिघडले? दंतचक्रे तेल घुसळतात, फेस होतो आणि फेसात हवा असल्याने पडदा कमकुवत होतो. तापलेले जादा तेल सील ढकलून बाहेर येते. ते क्लचवर गेले, तर क्लच घसरू लागतो. कमी घातले, तर वरच्या दंतचक्रांना तेल पोहोचत नाही. एंजिनाचे तेल जळून थोडे थोडे कमी होते. गिअरपेटीचे तसे जळत नाही. म्हणून तेथे पातळी उतरली, तर कोठेतरी गळती आहेच, हे ओळखावे.

जुने तेल काय सांगते?

डॉक्टर जसा रक्त तपासतो, तसे जुने तेल तपासता येते. खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असते. त्यावर राखाडी मऊ लगदा दिसला, तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला, तर पेटी खोलावी लागणार. थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर गाळा. सोनेरी चकाकणारे कण दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटले नाहीत, तर ते पितळ आहे. सिंक्रोचे कडे झिजत असल्याची ही खूण. तेल पांढुरके असेल, तर पाणी शिरले आहे. जळका वास येत असेल, तर तेल फार तापले आहे.

काळे तेल टाकायचे कोठे?

गटारात तर मुळीच नाही. या परिसरातील पाणी कासाडी नदीकडे आणि पनवेलच्या खाडीकडे जाते. तेल पाण्यावर तरंगून पातळ पापुद्रा धरते, हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही आणि खाडीतील मासळीला घातक ठरते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून, त्यावर प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकालाच दिले पाहिजे. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये. मिसळले तर ते शुद्ध करणे कठीण होते.

करून पाहा

१. शिक्षकांच्या मदतीने दोन सारख्या उंच काचनळ्या घ्या. एकीत ९० क्रमांकाचे गिअर तेल आणि दुसरीत ४० क्रमांकाचे एंजिन तेल भरा. दोन्हींत एकाच मापाचा बारीक पोलादी छर्रा सोडा आणि तळाशी जाण्याचा वेळ मोजा. मग नळ्या गरम पाण्यात ठेवून प्रयोग पुन्हा करा. आकड्यांत केवढा फरक आहे आणि वेळेत केवढा, याची तुलना करा.

२. तांब्याच्या दोन पट्ट्या पॉलिश कागदाने चकचकीत घासा. एक जी.एल.-४ मध्ये, दुसरी जी.एल.-५ मध्ये अशा परीक्षानळ्यांत बुडवून ठेवा. नळ्या तीन तास उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभ्या करा. तेल थेट ज्योतीवर कधीही तापवू नका. पट्ट्या काढून पुसा आणि रंग पाहा. तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळांत जी ताम्रपट्टी चाचणी करतात, तिचेच हे साधे रूप. दिसेल तेच लिहा. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसल्या, तरी तेही एक उत्तरच आहे.

विचार करा

१. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ आणि चौथ्याचे १ आहे. एंजिन मिनिटाला २८०० फेरे घेत असताना चौथा गिअर टाकला, तर सिंक्रोच्या कड्याने वेग किती फेऱ्यांवर आणला पाहिजे?
२. मागच्या पेटीत १५०० मिलिलिटर हवा ८७ अंश सेल्सिअसला आहे. ती २७ अंशांपर्यंत थंड झाली, तर किती मिलिलिटर जागा रिकामी होईल?
३. सायकलच्या ब्रेकच्या रबरावर तेल सांडले तर काय होईल? हे उत्तर आणि सिंक्रोचे कडे यांत साम्य कोणते?

आता पुन्हा कधी रोडपालीच्या रस्त्यावर एखाद्या जुन्या पिकअपमधून 'करर्र' ऐकू आले, तर तुम्ही काय विचाराल? "काका, तेल किती घट्ट टाकलं?" एवढेच विचारून थांबू नका. "डब्यावर जी.एल. किती लिहिलं होतं?" हेही विचारा. जे काम थोडक्या पैशांत, योग्य तेलाच्या एका डब्याने टळू शकते, त्यासाठी कोणाच्याही घरची गाडी महिनाभर उभी राहू नये.